डोंगरात होमस्टे घेताय? आधी जूनचं पाणी मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरचे, मिस्टर रिटायर होतायत, उत्तराखंडातल्या कुमाऊंत मुक्तेश्वरच्या बाजूला सहा खोल्यांचं एक चालतं गेस्ट हाउस दहा वर्षांच्या लीजवर घ्यायचं मनात आहे. ऑक्टोबरात जाऊन बघून आलात, घराच्या वरच्या अंगाला एक धारा, म्हणजे झरा, छान वाहत होती. मालक म्हणाला पाण्याचं टेन्शन घेऊ नका, कमी पडलंच तर बोरिंग करवून घ्या, तीनशे फुटांवर लागेल. पण २०१८ च्या शिमल्याच्या बातम्या आठवून तुमच्या पोटात गोळा येतोय. आणि विचारलंय काय, तर बोर किती फुटांवर लागेल, मोटर किती एचपीची घ्यावी, आणि एवढा पाऊस-बर्फ पडतो तिथे पाणी कमी पडतंच कसं.

मी पण इंदूरचाच. पाणीपुरवठ्याच्या कामात केस पांढरे झाले, आधी मोठ्या पंपिंगच्या योजना आणि नंतर बरीच वर्षं हिमाचल-उत्तराखंडात वस्त्यांच्या, शाळांच्या, हॉटेलांच्या छोट्या योजना. तुमची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी 'बघावं लागेल' याच सदरात राहतील, त्या त्या ठिकाणी सांगतो.

बोर आणि मोटर हा प्रश्न इंदूरच्या माणसाला पहिला सुचणार यात नवल नाही. आपल्याकडे क्रम ठरलेला आहे, नर्मदा आली तर हौद भरा, नाही आली तर बोरिंग, बोरिंगने मान टाकली तर टँकर. हाच क्रम डोक्यात घेऊन लोक पहाडात जातात आणि अडकतात, कारण तिथे हे तिन्ही बऱ्याचदा एकाच पाण्यावर असतात. नळाला येतं ते झऱ्याचं, टँकर भरतो तो खालच्या झऱ्यावर नाहीतर गधेऱ्यावर म्हणजे ओढ्यावर, आणि बोर लागलाच तर तोही त्याच खडकातलं पाणी ओढणार. मे महिन्यात एक आटला की तिन्ही एकदम बारीक होतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना, तुमच्या हक्काचं पाणी रोज किती लिटर येईल? बाकी सगळं त्याच्या मागून.

आता पाऊस पडूनही पाणी का नाही ते. मेघालयातल्या सोहऱ्याला, म्हणजे आपण शाळेत शिकलो ते चेरापुंजी, वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इंदूरच्या दहापटीपेक्षा जास्त. आणि हिवाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी पायपीट करतात. आपलं महाबळेश्वर घ्या, पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, १८४२ मध्ये बांधलेला वेण्णा तलाव, तरी उन्हाळ्यात पर्यटक वाढले की तलावाच्या पातळीकडे डोळे लागतात. माथेरानला तर खालून नेरळहून उल्हास नदीचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. पाऊस सगळा तीन-चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र, माती पातळ, पाणी थांबायला जागाच नाही, पडलं की काही तासांत दरीत. मैदानात पावसाला जमिनीत मुरायला जो वेळ मिळतो तो डोंगर देत नाही.

त्यात शहरं बसली कुठे, तर ऐन डोंगराच्या कण्यावर. इंग्रजांना थंड हवा पाहिजे होती आणि खालचा मलेरिया नको होता, म्हणून शिमला, मसुरी, दार्जिलिंग सगळी डोंगराच्या माथ्यावर. जुनी पहाडी गावं बघा, ती झरा बघून त्याच्या आसपास वसलेली असतात. माथ्यावरच्या शहराचं पाणी कायम त्याच्या पायाखाली, शेकडो मीटर खोल दरीत. वस्ती थोडी असली की भागतं, वाढली की खालून वर ओढायचं.

खालून वर ओढणं काय असतं हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. आपली नर्मदा नदीकाठच्या जलूदहून येते, जवळजवळ सत्तर किलोमीटर, आणि नदी आणि शहर यांच्यातला नुसता उंचीचा फरकच चारशे मीटरच्या आसपास आहे. नर्मदेचं पाणी शहराला मिळावं म्हणून १९७० चं आंदोलन झालं, १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं, आणि तेव्हापासून महापालिका या पाण्याचं विजेचं बिल भरतेय. ते इतकं जड झालं की २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, जलूदला साठ मेगावॉटचा सोलर प्लांट टाकायला. हिशोब अगदी सोपा आहे, एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर न्यायला कागदावर पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते, पंप-मोटरचे तोटे धरले की साधारण ०.४ युनिट. हा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या गेस्ट हाउसलाही तोच लागू आहे.

शिमल्याचं तुम्ही विचारलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे सगळी कारणं एका वेळेला एकत्र आली. शहराची मूळ व्यवस्था पंचवीसेक हजार लोकांसाठी होती, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख सत्तर हजारांच्या घरात, आणि वरून उन्हाळ्यातले पर्यटक. पाणी येतं गुम्मा, गिरी, चुरट, सेओग अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून, बरंचसं दरीतून पंप करून. यातली अश्वनी खड्डची (खड्ड म्हणजे तिकडे ओढा) योजना २०१५-१६ च्या हिवाळ्यात हातची गेली, वरच्या बाजूचं सांडपाणी त्यात मिसळलं, शहरात काविळीची साथ आली, माणसं दगावली, आणि तिथून पाणी घेणं थांबवावं लागलं. म्हणजे २०१८ उजाडलं तेव्हा एक मोठा सोर्स आधीच बाद होता. त्या हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस दोन्ही कमी झाले, उन्हाळ्यात गिरी आणि गुम्म्याचे ओढे बारीक झाले. जुन्या पाइपांमधून गळती होतीच. रोजची गरज सव्वाचार-साडेचार कोटी लिटर, आणि मेच्या शेवटी हातात येत होतं निम्म्याच्या आसपास. शाळांना सुट्टी द्यावी लागली, समर फेस्टिव्हल पुढे ढकलला, हायकोर्टाने लक्ष घातलं, आणि शिमल्याचे लोकच सोशल मीडियावर पर्यटकांना सांगायला लागले की कृपा करून येऊ नका.

यातला पर्यटकांचा भाग नीट बघा, कारण तुम्ही त्याच धंद्यात उतरताय. झऱ्याला सगळ्यात कमी पाणी असतं मेच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत. आणि आपण मैदानातले लोक पहाडात कधी जातो, तर मुलांच्या सुट्टीत, त्याच सहा आठवड्यांत. धंद्याचा सीझन आणि पाण्याचा खडखडाट एकाच तारखांना येतो. ऑक्टोबरात तुम्ही जी धारा बघितली ती पावसाळा संपल्या संपल्याची, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांतली. मालक खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याने तुम्हाला बोलावलं तो महिनाच तसा होता.

शिमल्याचा पुढचा उपाय काय निघाला तेही सांगून टाकतो. सतलजचं पाणी सुन्नीच्या बाजूने उचलून शहरातल्या संजौलीपर्यंत आणायचं, बावीसेक किलोमीटरची लाइन, उंची जवळजवळ सोळाशे मीटर, रोज ६७ दशलक्ष लिटर, जागतिक बँकेच्या मदतीने. मघाचा हिशोब लावा, दर हजार लिटरला सहा युनिटच्या वर वीज, म्हणजे सात रुपये युनिट धरलं तरी नुसत्या विजेचे चाळीसच्या वर. मोठ्या शहराला दुसरा इलाजही नसतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण अशी योजना आली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. उंचावरची शहरं जगभर यात अडकलीयत, बोलिव्हियाच्या ला पाझमध्ये साडेतीन हजार मीटरच्या वर २०१६ मध्ये धरणं आटली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. काठमांडूने मेलम्चीचं पाणी सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यातून आणलं, २०२१ च्या मार्चमध्ये ते शहरात पोचलं आणि जूनच्या पुराने योजनेचं तोंडच गाडून टाकलं. दार्जिलिंग आजही मुख्यतः १९१० आणि १९३२ च्या सेंचल तलावांवर आहे.

आता तुमच्या भागाकडे येऊ. कुमाऊंत झऱ्याला धारा म्हणतात, आणि जमिनीतून हळूहळू पाझरणारं पाणी साठवायला दगडी बांधणीची छोटी खोली असते ती नौला. अल्मोड्यात एके काळी असे शेकडो नौले होते असं तिथले लोक सांगतात, आज शहर खालच्या कोसी नदीतून पाणी वर चढवतं. नैनितालला तलाव आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्या तलावात जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा वरच्या सूखातालच्या खोलगट भागात मुरलेल्या पाण्याचा, आणि तिथे बांधकामं झाली. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात देशात पन्नास लाख झरे धरलेत, त्यातले तीसेक लाख हिमालयात, आणि हिमालयातले बारमाही झरे निम्म्याच्या आसपास आटले किंवा हंगामी झाले असं म्हटलंय. तेव्हा 'इथे आजोबांच्या काळापासून पाणी आहे' हे वाक्य कोणी ऐकवलं तर ते आजोबांच्या काळाबद्दल खरं असेल.

झरा का आटतो, हे खडकावर अवलंबून आहे आणि इथे बसून मी त्याबद्दल काही सांगू शकत नाही. पण एक गोष्ट समजून घ्या. पापडांची चळत तिरकी धरून वरच्या कडेवर पाणी ओतलं तर ते पापडांच्या मधून घसरत खालच्या कडेला बाहेर पडेल, तसे हिमालयातले बरेच खडक थरांचे आणि कललेले असतात. तुमच्या बाजूला झरा फुटतोय पण थर तिकडून इकडे कललेले असतील, तर त्याला पाणी देणारा उतार डोंगराच्या पलीकडच्या बाजूला असू शकतो, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या जमिनीत. मग तुम्ही घराच्या वर कितीही चर खणले तरी धारेला काडीचाही फरक पडणार नाही, आणि पलीकडे कोणी रस्ता कापला, रिसॉर्ट बांधलं, जंगल तोडलं तर तुमचं पाणी जाणार. या विषयात आपल्या पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेने, हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या लोकांनी, फार चांगलं काम केलंय. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास नावाने जे केलं त्यातही हाच विचार आहे की आधी खडक वाचा, पाणी कुठे मुरतं ते शोधा, मग तिथेच चर आणि खड्डे घ्या. गेस्ट हाउसवाल्याने एवढं करावं असं नाही, पण सहाही खोल्यांचं भवितव्य ज्या धारेवर टांगलंय तिचं पाणी कुठून येतं हे एखाद्या जाणत्या भूजलवाल्याला दाखवण्याचे पैसे हे तुमच्या लीजच्या डिपॉझिटपुढे काहीच नाहीत.

बोरबद्दल माझं मत सरळ आहे, नका मारू. माळव्यात काळ्या दगडात बोर मारणं म्हणजे अर्धा जुगार हे तुम्हाला माहीतच आहे, तिथे पाऊण जुगार. पाणी फटींमध्ये असतं, फट लागली तर लागली, नाहीतर तीनशे काय पाचशे फूट कोरडी धूळ. गाडी त्या वळणांवरून वर पोचेल का हा वेगळाच प्रश्न. आणि समजा लागलं, तर धोका जास्त, कारण ते बहुतेक खालच्या धारेलाच पाणी देणाऱ्या फटीतलं असणार. तुमची मोटर चालू, खाली गावातल्या बायकांची धारा बंद, आणि तुम्ही इंदूरहून आलेले. दहा वर्षं त्या गावात राहायचंय तुम्हाला. एका ठिकाणी हॉटेलवाल्याने आमच्याकडून मोठी मोटर डिझाइन करून मागितली होती, पाणी कमी येतं म्हणून. जाऊन बघितलं तर कुंडीत तासाला जेवढं पाणी जमत होतं त्याच्या दुप्पट वेगाने आधीचीच मोटर उपसत होती आणि मग हवा ओढत बसत होती. मोटर पाणी तयार करत नाही हो, आहे ते लवकर संपवते. म्हणूनच किती एचपी याचं उत्तर मी देत नाहीये, धारा घराच्या वर आहे म्हणजे पाणी उताराने टाकीत यायला पाहिजे, मोटर लागलीच तर टाकीतून छतावर चढवायला छोटीशी.

मग करायचं काय, तर दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा जा. तिकीट खर्च करा पण जाच. धारेखाली बादली धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते बघा, तीन-चारदा, सकाळी आणि संध्याकाळी. पाच मिनिटांत भरली तर मिनिटाला दोन लिटर. ऐकायला हे अगदी दरिद्री वाटतं, करंगळीएवढी धार, पण मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १४४० लिटर. रात्रभर वाहणारं पाणी टाकीत गेलं पाहिजे, एवढीच अट. पहाडातली निम्मी टंचाई मला तरी अशी दिसलीय की रात्रीचं पाणी वाहून जातं आणि दिवसा रांग लागते.

आता तुमचा खर्च काढू. सहा खोल्या भरल्या म्हणजे बारा पाहुणे, माणशी दीडशे लिटर धरले तर १८००. तुम्ही दोघं आणि कामाची दोन माणसं मिळून ४००. स्वयंपाक, साफसफाई, थोडं धुणं ३००. झाले रोजचे २५००. सीझनभर सगळ्या खोल्या रोज भरलेल्या कोणाच्याच नसतात, साठ टक्के धरा, म्हणजे सात पाहुण्यांचे १०५०, तुमचे ४००, बाकीचे २००, एकूण १६५०. समजा जूनमध्ये तुमच्या वाट्याला मिनिटाला एक लिटर आलं, १४४०. रोजची तूट २१०, साठ दिवसांची साडेबारा हजारांच्या आसपास. तीस हजार लिटरची साठवण असेल तर आरामात निघालं, टँकर नको काही नको. हेच मिनिटाला अर्धा लिटर निघालं तर दिवसाचे ७२०, तूट ९३०, साठ दिवसांची जवळजवळ छप्पन्न हजार, म्हणजे तीस हजारांची टाकी संपवून वर पाच हजाराचे पाच-सहा टँकर. हे पण परवडेल कदाचित, पण टँकरचा भाव मेमध्ये काय असतो आणि तो भरतो कुठून हे आधी विचारून ठेवा. आणि बादलीला तासभर लागत असेल तर मग त्या जागेचा मोह सोडा, व्ह्यू कितीही चांगला असला तरी.

मी 'तुमच्या वाट्याला' म्हणतोय तिकडे लक्ष द्या. धारेचं सगळं पाणी तुमचं नाही. मालकाने एक काळा पाइप टाकलेला असेल, तो कोणाच्या परवानगीने टाकला, गावाचा त्यावर काय हक्क आहे, उन्हाळ्यात पाळी ठरलेली आहे का, हे मालकाला न विचारता खाली घरं आहेत तिथे जाऊन विचारा, शक्यतो बायकांना, पाणी त्या भरतात, त्यांना महिन्यागणिक माहिती असते. ग्रामप्रधानाशी बोला. मी बघितलेल्या भांडणांत पाणी कमी असण्यापेक्षा कोणी न विचारता पाइप टाकला हाच राग जास्त असायचा.

टाकीबद्दल एक महत्त्वाचं, जे दुकानदार सांगत नाही. तीस हजार लिटर म्हणजे तीस टन वजन. पहाडात घर बसवताना वरची बाजू कापतात आणि ती माती खालच्या बाजूला भरून अंगण करतात. टाकी त्या भरावावर कधीही ठेवू नका, कापलेल्या बाजूला, पक्क्या खडकावर ठेवा. एक मोठी टाकी करण्यापेक्षा दहा-दहा हजारांच्या तीन करा, एक गळली किंवा धुवायला काढली तर दोन चालू राहतात. आणि गळती दिसली की त्याच दिवशी बंद करा, कारण उतारात सतत पाझरणारं पाणी माती सैल करतं आणि पावसाळ्यात तो अख्खा तुकडा खाली येऊ शकतो. ओव्हरफ्लोचा पाइपसुद्धा नीट नाल्यापर्यंत न्या, अंगणात सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत तिथे पाइप गोठतात, तेव्हा लाइन उघडी न ठेवता जमिनीत पुरलेली बरी.

छताचं पाणी. दीडशे चौरस मीटरचा पत्रा असेल तर एक मिलिमीटर पावसाला दीडशे लिटर. पावसाळ्याचा हजार मिलिमीटर धरून वीस टक्के वाया गेला तरी एक लाख वीस हजार लिटर. आकडा बघून लोक हरखून जातात, पण तो येतो जुलै-ऑगस्टात, जेव्हा दरडी पडलेल्या असतात आणि पाहुणे नसतात. तुमच्या टाक्या २५० मिलिमीटर पावसातच भरून जाणार, बाकीचं वाहून जाणार. तरी पन्हाळी लावाच, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायची सोय ठेवून, कारण सप्टेंबरअखेर टाक्या भरलेल्या राहतात, हिवाळ्यातल्या पावसाने टॉप-अप होतात, आणि मेमध्ये वीस मिलिमीटरची एखादी जोरदार सर आली तरी चोवीसशे लिटर, म्हणजे फुल हाउसचा एक दिवस सुटला.

हे काही नवीन नाही. रविवारी मांडूला जाता ना, यावेळी महाल बघताना छताच्या पन्हाळी बघा. विंध्याच्या टोकावर, सहाशे मीटरच्या वर, नदी नाही, खाली निमाड, आणि तरी पंधराव्या शतकात तिथे माळव्याच्या सुलतानांची राजधानी नांदत होती. जहाज महालाच्या एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव, वर छतावर पाणी फिरवणाऱ्या वळणदार नाल्या, सगळीकडे बावड्या. पडलेलं पाणी अडवायचं आणि वर्षभर पुरवायचं, एवढ्यावर डोंगरावरचं शहर चाललं. गाइड रूपमतीच्या गोष्टीत रमतो, त्याला बाजूला ठेवून अर्धा तास नुसत्या नाल्या बघत फिरा.

खर्च कमी करायच्या गोष्टी पटकन सांगतो. गीझर बाथरूममध्येच, नळापासून हातभर अंतरावर लावा, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत प्रत्येक पाहुणा अर्धी बादली थंड पाणी सोडून देतो. शॉवर काढून बादली ठेवली तर काही पाहुणे नाक मुरडतील, मी असतो तर काढला असता. दोन बटणांचा फ्लश. चादरी-टॉवेल सीझनमध्ये खाली धुवायला पाठवा. बाथटब वगैरे असेल तर त्यात फुलझाडं लावा.

दोन गोष्टी अजून बघून या. एक, धारेच्या वरच्या बाजूला कोणाचे सेप्टिक टँक किंवा शोषखड्डे आहेत का. खडकातल्या फटींतून मैला गाळला जात नाही, सरळ खाली येतो. धारेचं पाणी लॅबमधून तपासून घ्या, मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यात एकदा, पावसाळ्यात जास्त खराब निघतं. दिसायला काचेसारखं असतं म्हणून फसू नका. आणि तुमचा स्वतःचा शोषखड्डा कोणाच्या धारेच्या वर येतोय हेही बघा, काविळीची साथ तुमच्या नावावर नको. दोन, मागच्या दोन-तीन वर्षांची मे-जूनची टँकरची बिलं मालकाकडे मागा. नाहीत म्हणाला तर शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारा की यांच्याकडे टँकर येतो का. अरुंद रस्त्यावर टँकर सगळ्यांना दिसतो.

लीजमध्ये दोन कलमं घालून घ्या. पहिलं, पाइपलाइनचा हक्क आणि गावाची संमती मालकाने लेखी द्यायची. दुसरं, मे-जूनमध्ये पाणी ठरलेल्या लिटरच्या खाली गेलं तर त्या महिन्यांचं भाडं कमी, आणि लागोपाठ दोन उन्हाळे तसं झालं तर तुम्हाला लीज सोडायची मुभा, डिपॉझिट परत. मालक कुरकुर करेल, पण पाण्याचं टेन्शन घेऊ नका असं तोच म्हणाला ना, मग लिहून द्यायला काय हरकत आहे. भाषा वकिलाकडून बघून घ्या, उत्तराखंडात बाहेरच्यांच्या जमीन व्यवहारांचे नियम कडक आहेत, त्यातलं मला विचारू नका.

मेच्या शेवटी जाऊन आलात की बादली भरायला लागलेला वेळ, छताचं माप आणि टाकी ठेवायच्या जागेचे दोन-चार फोटो इथे टाका, शक्य असेल तर रस्त्याच्या कापात खडकाचे थर कुठल्या बाजूला कललेत त्याचाही एक. टाक्यांचा साइज आणि पाइपचा व्यास मी काढून देतो, त्याला फार वेळ लागत नाही. तोवर बयाणा देऊ नका.